नांदेड स्टेशनजवळ एक रात्र काढायचीय, लॉज कुठल्या बाजूला घ्यावा? (आई-अण्णा सोबत आहेत)

अहमदपूरकर

राम राम मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आई-अण्णांना घेऊन सचखंड एक्सप्रेसनं (१२७१५) अमृतसरला जायलोय. तिकिटं कन्फर्म झालीत, थर्ड एसी, दोन लोअर एक मिडल, त्याचं टेन्शन नाही. टेन्शन आहे ते आदल्या रात्रीचं. गाडी नांदेडहून सकाळी साडेनऊला सुटते आणि तसं बघायला गेलं तर अहमदपूरहून लोह्यामार्गे दीड-दोन तासांचा रस्ता, पहाटेची एसटी धरली तरी पोचतो. पण अण्णा म्हणतात गाडी चुकली तर तुझी माय मला जन्मभर सुनावंल, त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारीच निघू आणि रात्री नांदेडातच राहू.

आता घरात तीन पार्ट्या झाल्यात. अण्णांना लॉज स्टेशनसमोरच पाहिजे, सकाळी चहा पिऊन पायी जाता येतंय म्हणून. आई म्हणते स्टेशनजवळ डोळ्याला डोळा लागत नाही, गाड्यांचे भोंगे आणि वरून ती 'यात्रीगण कृपया ध्यान दें' वाली बाई रात्रभर. मामा म्हणायलाय गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात राहा, स्वस्त पण आणि स्वच्छ पण. आणि मी रात्री ॲप उघडून बसतो तर 'स्टेशनपासून ३०० मीटर' असलेले दहा-बारा दिसायलेत, आठशेपासून अडीच हजारापर्यंत, फोटो सगळ्यांचे एकच, पांढरी चादर आणि तिच्यावर टॉवेलचा हंस.

अण्णांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. आईची झोप अशी की मांजर चाललं तरी जागी. मला कुठंबी झोप लागते, माझा विषय नाही. बजेट दीड हजार, ताणून दोन. येतानाचं पण सांगा, ती गाडी दुपारनंतर नांदेडला पोचते असं टाइमटेबलात आहे पण थंडीत लई लेट होते म्हणतात, मग तेव्हा पण रूम धरून ठेवावी का?

गोकुळनगरवाला

दादा पहिलं ते ३०० मीटर डोक्यातून काढा. ॲपवाला नकाशावर सरळ रेघ मारून मोजतो, मधी रूळ आहेत हे त्याच्या गावी नसतं. स्टेशनला दोन तोंडं आहेत, एक मेन, जिकडं रिक्षांची गर्दी आहे आणि एसटी स्टँडही त्याच अंगाला जवळ पडतं, आणि एक मागचं, आमच्या गोकुळनगरकडचं. माझ्या साडूनं असंच ॲप बघून बुक केलं, अंतर खरंच थोडं, पण लॉज एकीकडं आणि गाडी लागली दुसरीकडं, दोन बॅगा, एक पोतं, सासूबाई आणि तो पूल. पूल चढेपर्यंत सासूबाईंनी त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही.

म्हणून फोन करून एवढंच विचारायचं, तुमच्या दारातून निघाल्यावर स्टेशनच्या कोणत्या गेटनं आत येतो. लॉजवाला सरळ सांगतो, लपवून त्याला काही मिळत नाही. आणि संध्याकाळी तुम्ही आलातच आहात तर चौकशीच्या खिडकीवर उद्याची सचखंड कोणत्या प्लॅटफॉर्मला लागणार ते विचारून या, लिफ्ट चालू आहे का ते डोळ्यांनी बघून या. अण्णांना चालवत नसेल तर व्हीलचेअरचं पण तिथंच विचारा.

अजून एक, कुठंही ऑनलाइन शोधताना 'हुजूर साहिब नांदेड' टाका, रेल्वेत नाव तेच आहे, नुसतं नांदेड टाकून आमच्या एका पाहुण्याला स्टेशन सापडतच नव्हतं.

माहूरची लेक

मामा बरोबर सांगायलेत. आम्ही दरवेळी यात्री निवासातच उतरतो. स्टेशनवरून गुरुद्वाऱ्याच्या गाड्या असतात, नाहीतर रिक्षा आहेच, दीड-दोन किलोमीटरचं तर काम. रूम साध्या पण धुऊनपुसून ठेवलेल्या, आणि संध्याकाळी दर्शन होतं, लंगरमध्ये जेवण होतं, लॉजवर उतरून हॉटेल शोधत फिरायचं काम नाही. अमृतसरलाच जायलात तर सुरुवात इथूनच करा की. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली इथंच देह ठेवला, आणि आत्ताचं मुख्य बांधकाम महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मधी करून घेतलेलं आहे, अण्णांना अशा गोष्टी आवडत असतील तर सांगा त्यांना.

फक्त दसरा, होळीतला होला मोहल्ला किंवा गुरुपुरब (शीख गुरूंचा उत्सव) असलं की रूमचं नाव काढू नका, पंजाबातून गाड्या भरून येतात. डिसेंबरात जाताना आधी तारखा तपासा. डोक्याला रुमाल लागंल. आणि आवारात बिडी-तंबाखू अजिबात चालत नाही, खिशात पुडी पण नको.

अहमदपूरकर

ताई तुम्ही शेवटच्या ओळीत घात केला. अण्णांची तंबाखू. पन्नास वर्षांची सोबत आहे, डबी आणि चुना घेतल्याशिवाय परसाकडं पण जात नाहीत. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, दर्शनाला जाताना डबी पोरापाशी ठेवीन पण रात्रभर बिगर तंबाखूचं, तेवढं नको. म्हणजे मुक्काम लॉजवरच, दर्शन आणि लंगर संध्याकाळी. मामाला मी सांगतो.

रात्रपाळी

मी बोलतो थोडं, कारण हे काम केलंय. गाव सांगत नाही, पण मराठवाड्यातल्याच एका मोठ्या स्टेशनसमोर लॉजवर चार वर्ष रात्रीचा काउंटर सांभाळलाय. आता किराणा दुकान आहे, रात्री झोपतो, देवाची कृपा.

झोपेचं आधी. माणसं समजतात गाडीचा आवाज त्रास देतो. गाडीचा भोंगा वाजतो आणि जातो, दोन-तीनदा दचकलं की कान सरावतात. झोप खरी मोडते ती रस्त्याकडच्या रूममधी. खाली चहाची टपरी, ती बंद होतच नाही, रिक्षावाले 'चला देगलूर नाका, चला वजिराबाद', रात्री दोनच्या गाडीनं उतरलेली मंडळी भाड्यावरून हुज्जत घालतात, आणि एक कुत्रं असतंच. आमच्याकडं रोडकडच्या रूमला बाल्कनी होती, गिऱ्हाईक बाल्कनी बघून खूश व्हायचं आणि रात्री दीडला खाली येऊन म्हणायचं मागची देता का. मागच्या रूमला खिडकी भिंतीवर उघडायची, उजेड नाही, पण मुडद्यासारखी झोप. तुमच्या आईला ती मागा. सरळ म्हणा 'आतल्या बाजूची द्या'. पण जिन्याच्या तोंडाची नको आणि लिफ्टला चिकटून पण नको, रात्रभर धडाम धडाम. आणि पाण्याची मोटर कुठं आहे ते विचारा, पहाटे पाचला ती सुरू झाली की भिंत थरथरते. हे कुणी विचारत नाही.

अण्णांसाठी तळमजला मागू नका बरं का. तळमजल्यावर किचन नाहीतर स्टाफ, ओल, डास. पहिला मजला आणि चालू लिफ्ट. 'लिफ्ट आहे का' विचारलं तर कुणीबी हो म्हणतं. आमच्याकडं पण लिफ्ट होती, सहा महिने तिच्यात चादरी ठेवायचो. 'आज चालू आहे का, लाइट गेल्यावर चालते का' असं विचारा.

टायमाचं. दोन पद्धती आहेत, एक बारा वाजता चेकआऊट आणि एक २४ तास. २४ तासवाल्यात तुमचं मीटर रजिस्टरमधी वेळ लिहिली त्या मिनिटापासून पडतं, म्हणून सही करताना वेळ तुमच्यासमोर लिहायला लावा. आम्ही काय करायचो, गिऱ्हाईक साडेपाचला आलं की गोल आकडा म्हणून पाच लिहायचो, दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडण. तुम्ही संध्याकाळी येऊन सकाळी आठ-साडेआठला निघणार, तुम्हाला कोणतंबी चालतंय, २४ तासासाठी शंभर-दोनशे जास्त मागत असतील तर देऊ नका. खरी गंमत होते ती छत्रपती संभाजीनगरला, मुंबईहून देवगिरी एक्सप्रेस तिथं पहाटे चारच्या सुमारास टाकून देते, अशा वेळी बाराचा चेकआऊट असला की आठ तासात एक दिवस संपला आणि बारानंतर दुसऱ्या दिवसाचं भाडं. तिथं २४ तासवालाच लॉज बघायचा.

पैशाचं. साडेसात हजाराच्या आतल्या रूमला २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. अजून कुणी १२ लावून बिल हातात देत असंल तर विचारा. आणि जो बिलच देत नाही पण 'प्लस जीएसटी' म्हणतो त्याला तर नक्की विचारा, गप बसतो.

आधार कार्डाची झेरॉक्स मागतात, तुम्ही मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. आमच्याकडं झेरॉक्सचा गठ्ठा काउंटरखाली खोक्यात असायचा आणि पाऊस आला की त्याच्यावरच छत गळायचं, म्हणून सांगायलो.

रूममधी गेल्यावर बॅग आधी गादीवर टेकवू नका. चादर ओढा, गादीचा कोपरा उचला आणि शिवणीला बघा, मोबाइलची बॅटरी लावून. मोहरीसारखे काळे ठिपके दिसले की ढेकूण. रूम बदलून मागा, लाजायचं नाही. ढेकूण रूममधी राहत नाही हो, तुमच्या बॅगेतून अमृतसरला येतो.

आणि 'साडेसहाला उठवा' असं काउंटरवर सांगून झोपू नका. तेव्हा आम्हीच झोपलेलो असायचो.

कन्नड_ते_किनवट

वरचं सगळं ठीक आहे पण ॲपवर पैसे आधी भरू नका एवढं माझ्याकडून. मागच्या उन्हाळ्यात एका लॉजवर (नाव घेत नाही, गाव पण घेत नाही) रात्री साडेअकराला बायको-पोरांसकट उभा राहिलो, मोबाइलमधी बुकिंग दिसायलंय, पैसे कट झालेत, आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो आमच्याकडं आलंच नाही. कस्टमर केअरला फोन लावला तर वीस मिनिटं गाणं ऐकवलं. पोरगा म्हणतो रूम आहे, पण कॅश द्या आणि रेट वेगळा. ८९९ चं बुकिंग होतं, १४०० देऊन झोपलो, पहिले पैसे परत यायला दीड महिना लागला. तेव्हापासून मी ॲपवरून फक्त नाव बघतो, नकाशावर नंबर शोधून थेट फोन करतो, नाव लिहून घ्या म्हणतो आणि दुपारी परत एक फोन टाकतो की निघालोय. आपण आवाज ऐकवला की माणूस जरा लाजतो.

परभणी फास्ट

एवढा खटाटोप कशाला, गंगाखेडमार्गे परभणीला या आणि परभणीतून बसा, तीच गाडी तासाभरानं येते, तेवढी झोप घरी मिळंल. बोर्डिंग स्टेशन ऑनलाइन बदलता येतं, फक्त वेळेत बदला.

गोकुळनगरवाला

@परभणी फास्ट भाऊ, परभणीत गाडी थांबते किती वेळ? अण्णांचे गुडघे गेलेत म्हणायलेत ते, आणि तुम्ही त्यांना डबा शोधत प्लॅटफॉर्मवर पळवायलात. नांदेडातून गाडी सुटतेच, आधी लागून उभी असते, निवांत चढायचं, बॅगा खाली सारायच्या, अण्णांनी डबी काढायची.

परभणी फास्ट

बरं राहिलं. आमची सूचना मागं.

तिकीट_काका

रिटायरिंग रूम कुणीच कसं सुचवलं नाही? स्टेशनातच असतात, रेल्वेच्या साइटवर पीएनआर टाकून बुक होतात, तिकीट कन्फर्म किंवा आरएसी (एका बर्थवर दोघं) पाहिजे, आणि ज्या स्टेशनातून निघायचं किंवा जिथं उतरायचं तिथंच मिळते. रूम मोजक्या असतात म्हणून लवकर बघा. आवाजाचं मात्र काही सांगू नका, ती बाई तुमच्या उशाशीच बोलते. म्हणजे तुमच्या आईला नको, पण पहाटे पाचची वंदे भारत पकडणाऱ्याला हेच बेस्ट. ऑगस्ट २०२५ पासून ती जालन्याऐवजी नांदेडातून निघायला लागली तेव्हापासून आमच्या बिलोली-धर्माबादकडच्या लोकांना आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच.

दुसरं म्हणजे परतीची रूम आत्ता बुक करू नका. डिसेंबरात उत्तरेकडं धुकं पडतं आणि सचखंड तिकडूनच येते, दोन तास लेट की आठ तास ते दिल्ली सुटल्यावरच कळतं. एखाद्या लॉजचा नंबर खिशात ठेवा, गाडी भुसावळ-मनमाडपर्यंत आली की फोन करा. तोपर्यंत अंदाज येतो.

खाण्याचं बघून ठेवा, पण सचखंडमधी वाटेत काही स्टेशनांवर लंगर मिळतं, फुकट, डब्यात आणून वाढतात. आपलं ताट-डबा काढून तयार ठेवायचा, नाहीतर हात पुढं करून बसावं लागतं.

माहूरची लेक

आणि हो, तिसरा आठवडा म्हणालात ना? मार्गशीर्षात माळेगावची यात्रा असते, खंडोबाची. तुमच्या लोहा रोडवरच माळेगाव. पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहिला असतात तर रस्त्यातच घोडे आणि उंट बघत बसला असतात. अण्णा बरोबर म्हणायलेत, आदल्या दिवशीच निघा.

अहमदपूरकर

मंडळी, जाऊन आलो. बऱ्याच जणांनी वेळ काढून लिहिलं म्हणून काय झालं ते सांगतो, जरा लांबतंय.

माहूरच्या ताईंचं खरं झालं. दुपारी एकला निघालो आणि माळेगावजवळ एसटी जी अडकली ती अडकलीच, पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॅक्टर, खिडकीतून भंडारा उडायलेला. नांदेडला उतरायला साडेपाच वाजले. आई गाडीत एक शब्द बोलली नाही, फक्त अण्णांकडं बघितलं, आणि अण्णा खिडकीबाहेर बघायलेत, पण मिशीत हसायलेत.

लॉज मेन बाजूचाच घेतला, स्टँडवरून रिक्षानं. फोनवर तीन लॉजना विचारलं होतं. लिफ्ट आज चालू आहे का म्हटल्यावर एकजण म्हणाला 'उद्या मेकॅनिक येणार आहे', तो कट. दुसरा म्हणाला आमच्याकडं सगळ्या रूम रोड व्ह्यू आहेत, तो पण कट. तिसऱ्यानं विचारलं 'पेशंट आहे का सोबत?' म्हटलं नाही, गुडघे आहेत. हसला बिचारा. त्याच्याकडं निम्मे लोक डॉक्टर लेनला दाखवायला आलेले, हिंगोली, उमरखेड, तिकडं आदिलाबादकडचे, त्यामुळं लिफ्ट बंद ठेवून त्याला परवडतच नाही. १४०० सांगितले, एक्स्ट्रा गादी धरून, वर ५ टक्के. पहिला मजला, आतली रूम, खिडकी उघडली तर भिंत. आई म्हणाली ही काय रूम आहे का कोठी. मी म्हटलं झोपून तर बघ.

रात्रपाळी भाऊ, मी मोबाइलची बॅटरी काढेपर्यंत आईनं गादी उचलून, उलटी करून, परत टाकून झाली होती. चादर पण बदलून घेतली, स्वतः खाली काउंटरवर जाऊन. वेळ मात्र मी समोर लिहून घेतली, ५:५०. तो पोरगा सहा लिहायलेला, म्हणजे उलट माझाच फायदा होता, पण तुमचं वाचून डोक्यात बसलं होतं म्हणून टोकलं आणि दहा मिनिटं घालवली.

संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात जाऊन आलो. डबी माझ्याकडं सोपवायची ठरली होती पण मी पण आतच येणार, मग ती द्यायची कुणाला? शेवटी लॉजवर उशीखाली ठेवून गेलो. लंगरमधी अण्णांना खाली बसता येईना तर एका सरदारजींनी न सांगता स्टूल आणून दिला. दर्शनाचं आई सांगंल, मला तेवढं लिहिता येत नाही.

झोपेचं ऐका. आई रात्री दहाला झोपली ती सकाळी सहालाच उठली, भोंगा नाही की बाई नाही. जागे राहिले ते अण्णा. त्या रूमला उजेडच नाही, त्यांना वेळ कळंना, दर तासाला उठून मला विचारायचे किती वाजले. साडेचारला कंटाळून खाली गेले आणि स्टेशनसमोर टपरीवर जाऊन बसले. सहाला मी शोधत गेलो तर तिथं पाच-सहा जण जमवून वंदे भारतमधनं गेलेल्या लोकांच्या बॅगांवर चर्चा चालू, तिसरा चहा.

सकाळी गरम पाणी आलं पण नळाला नाही, पोरगा बादलीनं आणून देतो, आधी सांगावं लागतं, हे कुणी लिहिलं नव्हतं म्हणून लिहून ठेवतो. साडेआठला बाहेर पडलो, गाडी लागलेलीच होती, बसलो. धपाटे आणि शेंगाची चटणी होतीच पण वाटेत लंगर पण मिळालं, काकांच्या कृपेनं तिघांची ताटं तयार होती, समोरचं जोडपं मात्र बिस्किटाच्या पुड्याचा ट्रे पुढं करून बसलेलं.

येताना गाडी पाच तास लेट. मनमाड सोडल्यावर त्याच लॉजला फोन केला, म्हणाला या, पण आतली रूम गेलीय, रोडकडची आहे. अण्णा म्हणाले तीच दे.

कन्नड_ते_किनवट

लॉजचं नाव टाका की.

अहमदपूरकर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

रात्रपाळी

रोडकडच्या रूमला बाल्कनी होती का?

अहमदपूरकर

होती. अण्णा आणि त्यांची डबी रात्री एकपर्यंत तिथंच होते. आई म्हणते कुत्रं पण होतं.